वाचकांचे प्रश्न : माइक जोडला, पण आकडा हलत नाही

या वेळच्या टपालात आणि ईमेलमध्ये माइकविषयीची पत्रं इतकी होती, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलून सगळी जागा त्यालाच दिली आहे. वेगळा उल्लेख नसेल तिथे बोर्ड म्हणजे ५ व्होल्टवर चालणारा आर्डुइनो ऊनो समजावा. मूळ सर्किट पहिल्या उत्तरात एकदाच सविस्तर दिलं आहे. पुढची बरीच उत्तरं त्यावरच उभी आहेत, तेव्हा ते आधी वाचलेलं बरं.

प्रश्न : जुन्या टेपरेकॉर्डरमधून छोटा गोल माइक काढला. एक तार ग्राउंडला आणि दुसरी ए० पिनला जोडली. सीरियल मॉनिटरवर आकडे येतात, पण कितीही ओरडलं तरी त्यांच्यात फरक दिसत नाही. माइक गेलाय का? — एक वाचक, इचलकरंजी

माइक बहुधा धडधाकट आहे. तुम्ही त्याला वीज दिलेली नाही, आणि त्याचा सिग्नल बोर्डाला समजेल एवढा मोठा केलेला नाही.

तुमच्या हातात आहे तो इलेक्ट्रेट माइक. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी तो तयार केला. त्यातल्या पातळ पडद्यावर कायमचा विद्युतभार असतो, त्यामुळे पडद्याला बाहेरून काही द्यावं लागत नाही. पण त्याच डबीत एक चिमुकला एफईटी ट्रान्झिस्टर बसवलेला असतो, आणि त्याला चालायला बाहेरून करंट लागतो. तो मिळाला नाही तर माइक गप्प.

समजा वीज दिली, तरी मिळणार किती? बाजारातल्या साध्या माइकची संवेदनशीलता उणे ४४ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे ९४ डेसिबल आवाजाला सुमारे ६ मिलिव्होल्ट. एक मीटरवर बसून नेहमीच्या आवाजात बोललं तर ०.१२ मिलिव्होल्टच्या घरात. ऊनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करून मोजतो, म्हणजे त्याची एक पायरी जवळजवळ ४.९ मिलिव्होल्टची. तुमचं बोलणं पहिल्या पायरीच्याही पायथ्याशी राहतं. आकडा हलेल कसा?

तिसरी अडचण अशी की आवाजाचा सिग्नल शून्याच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे झुलतो. बोर्डाच्या पिनला शून्याखालचं काही वाचता येत नाही. शून्याच्या खाली अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गेलं तर पिनलाच धोका. म्हणून सिग्नल आधी उचलून अडीच व्होल्टच्या मध्यावर बसवायचा आणि मग शंभरेक पट मोठा करायचा.

सामान असं : एमसीपी६००२ ऑपअँप (सिग्नल मोठा करणारी चिप), डीआयपी पॅकेजमध्ये (ब्रेडबोर्डात बसेल अशा पायांची), १, १ किलोओहमचे रेझिस्टर २, ४.७ किलोओहम १, १० किलोओहम २, १०० किलोओहम २, ४७ मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर २, १० मायक्रोफॅरडचा १, ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक २. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं सुटं मिळतं.

आधी माइकचे पाय ओळखा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. एक टोक माइकच्या धातूच्या डबीला लावा, दुसरं एकेका पायाला. जो पाय बीप देईल तो ग्राउंडचा. मागून नीट पाहिलं तर त्या पायापासून डबीच्या कडेपर्यंत गेलेल्या बारीक पट्ट्याही दिसतात. तारांना डाग देताना सोल्डरिंग आयर्न पायावर दोन सेकंदांच्या वर टेकवू नका. उष्णतेने पडद्यावरचा भार उतरतो आणि मग माइक जिवंत असूनही बहिरा होतो. जुन्या उपकरणातून काढलेले बरेच माइक काढतानाच असे मरतात.

माइकला वीज द्यायची ती गाळून. ५ व्होल्टपासून १ किलोओहम, त्याच्या पुढच्या टोकापासून ४७ मायक्रोफॅरड ग्राउंडला, आणि त्याच टोकापासून ४.७ किलोओहम माइकच्या दुसऱ्या पायाला. आता माइकच्या दोन पायांत डीसी व्होल्टेज मोजा. २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान आलं तर सगळं ठीक. थेट ५ आलं तर करंट वाहतच नाही, तार सुटली आहे. शून्याजवळ आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. ही पायरी गाळून पुढे जाऊ नका. पुढे दोष शोधायला तासन्‌तास लागतात.

मग मध्यबिंदू. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर ५ व्होल्ट ते ग्राउंड असे एकामागे एक जोडा. त्यांच्या सांध्यावर २.५ व्होल्ट मिळतील. या सांध्यापासून ग्राउंडला दुसरा ४७ मायक्रोफॅरड लावा. नेटवरच्या पुष्कळ आकृत्यांत हा कपॅसिटर नसतो आणि घोटाळा तिथेच होतो. यूएसबीच्या ५ व्होल्टमधली खरखर या सांध्यावर निम्म्याने उतरते आणि ऑपअँप तीही इमानेइतबारे शंभर पट करून देतो. सांध्यापासून १०० किलोओहम ऑपअँपच्या ३ नंबरच्या पिनला. माइकच्या पायापासून ०.१ मायक्रोफॅरड त्याच ३ नंबरला.

ऑपअँपची ८ नंबरची पिन ५ व्होल्टला, ४ नंबरची ग्राउंडला, आणि दुसरा ०.१ मायक्रोफॅरड या दोन पिनांमध्ये, चिपला अगदी चिकटून. १ आणि २ नंबरच्या मध्ये १०० किलोओहम. २ नंबरपासून १ किलोओहम, त्याच्यापुढे १० मायक्रोफॅरड आणि मग ग्राउंड. या कपॅसिटरचं धन टोक रेझिस्टरकडे. १ नंबर थेट ए० पिनला. चिपमधला दुसरा ऑपअँप रिकामा आहे, त्याला लोंबकळत ठेवू नका : ६ आणि ७ एकमेकांना, ५ नंबर मध्यबिंदूला. सिग्नल १०१ पट वाढेल, आणि १६ हर्ट्झच्या खालचा आवाज कापला जाईल. वरच्या बाजूला हा ऑपअँप एवढ्या गेनवर, म्हणजे वाढीच्या पटीवर, साधारण १० किलोहर्ट्झपर्यंत पोहोचतो. बोलण्याला तेवढं भरपूर आहे.

दुकानदार एमसीपी६००२ नाही म्हणून हमखास एलएम३५८ पुढे करेल. पिना त्याच आहेत, स्वभाव वेगळा. ५ व्होल्टवर त्याचं आउटपुट साडेतीनच्या पुढे चढत नाही. अडीचवर बसवलं तर लाटेचा वरचा शेंडा एका व्होल्टवरच छाटला जातो. नाइलाज असेल तर मध्यबिंदूच्या जोडीतला वरचा, म्हणजे ५ व्होल्टकडचा, १० किलोओहम काढून २२ किलोओहम लावा. मध्य १.५६ व्होल्टवर येईल आणि शांततेत ए० वर ५१२ ऐवजी ३२० च्या आसपास आकडा दिसेल. १ नंबरपासून ग्राउंडला १० किलोओहमही जोडा. मंद आवाजात या चिपची जी ओरखडलेली चिरचिर येते, ती त्याने बरीच कमी होते.

आता स्केच, म्हणजे बोर्डावर चढवायचा प्रोग्राम. एकदा वाचलं आणि छापलं, या पद्धतीने माइक कधीच समजत नाही. लाट नेमकी मध्यातून जात असताना वाचलं तर ऐन आरडाओरड्यातही ५१२ च मिळेल. ५० मिलिसेकंदांची खिडकी धरा, तेवढ्या वेळात अ‍ॅनालॉगरीडने जितक्या वेळा वाचता येईल तितकं वाचत राहा, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा लक्षात ठेवा आणि शेवटी दोन्हींची वजाबाकी छापा. ती वजाबाकी म्हणजे आवाजाची पातळी. ऊनो सेकंदाला नऊ हजारांच्या आसपास वाचनं करतो, म्हणजे एका खिडकीत साडेचारशे. या खिडकीत डिले किंवा सीरियल प्रिंट घालू नका. ९६०० बॉडवर सेकंदाला ९६० अक्षरं जातात. तीन अंकी आकडा आणि ओळ बदलायची दोन अक्षरं धरली तर दोनशेही वाचनं होत नाहीत, आणि प्लॉटरवर लाटेऐवजी कचरा दिसतो.

अपेक्षाही माफक ठेवा. शंभर पट करूनही एक मीटरवरच्या बोलण्याला वजाबाकी सातआठच्या आसपास येईल. वीतभर अंतरावरून बोललं तर तीसच्या पुढे. जवळच्या टाळीला आकडा सहज शेकड्यांत जातो.

प्रश्न : निळा स्क्रू असलेलं तयार साउंड सेन्सर मॉड्यूल आणलं. त्यावर एओ आणि डीओ अशा दोन पिना आहेत. एओवर आकडा पाचशेच्या आसपास चिकटून बसतो. स्क्रू फिरवला की आकडा बदलतो, पण आवाजाने बदलत नाही. मॉड्यूल खराब आलं का? — एक वाचक, अकोला

नाही, ते असंच असतं. केवाय०३७ आणि केवाय०३८ या नावांनी विकल्या जाणाऱ्या या मॉड्यूलवरची चिप बहुधा एलएम३९३ असते. ती अँप्लिफायर नव्हे, कम्पॅरेटर आहे : सिग्नल ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे की खाली, एवढंच सांगते. एओ पिनला माइकचा सिग्नल जसाच्या तसा, न वाढवता येतो, म्हणून दोनतीन पायऱ्यांच्या वर हलत नाही. स्क्रूने माइकचा स्थिर बिंदू सरकतो, एवढाच तुम्हाला दिसलेला बदल.

डीओ मात्र टाळीसाठी कामाला येतो. खोली शांत असताना स्क्रू हळूहळू फिरवा आणि दुसरा एलईडी जिथे नुकताच विझतो तिथे थांबा. स्क्रू बऱ्याच फेऱ्यांचा असतो. पाचसहा फेरे फिरवूनही काही होत नसेल तर उलट दिशेने सुरू करा. डीओवरचा ठोका फार अल्पायुषी असतो आणि लूपमध्ये डिले असेल तर तो निसटतो. त्याला २ किंवा ३ नंबरच्या पिनला जोडून इंटरप्टने, म्हणजे लूप मध्येच थांबवून लगेच धावणाऱ्या कोडने, पकडा. आवाज किती मोठा होता हे मात्र या मॉड्यूलला कधीच सांगता येणार नाही. त्यासाठी मॅक्स४४६६ चं, माइक आणि अँप्लिफायर दोन्ही असलेलं, मॉड्यूल घ्या.

प्रश्न : मी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी दोन टाळ्यांवर दिवा लावायचा आणि विझवायचा प्रकल्प करतोय. दिवा लागतो, पण लगेच आपोआप विझतो. कधीकधी दार आपटलं तरी लागतो. — एक विद्यार्थी, चिपळूण

तू रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच, वापरला आहेस, बरोबर? मग तुझा माइक रिलेचाच आवाज ऐकतोय. रिले लागताना ‘टक’ वाजतो, माइक हातभर अंतरावर असतो, त्याला ती टाळीच वाटते. रिले बदलल्यानंतर अर्धा सेकंद माइककडे लक्षच द्यायचं नाही, असं स्केचमध्ये लिही. शिवाय रिले आणि माइक एकाच ब्रेडबोर्डवर शेजारीशेजारी ठेवू नकोस. रिलेच्या कॉइलचा करंट एकदम बदलला की ५ व्होल्टची रेघ हलते आणि आवाज न होताही माइकचा आकडा उडी मारतो. रिलेला वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर दे, फक्त ग्राउंड एकत्र ठेव.

दार आपटण्याचं कोडं वेळ मोजून सुटतं. टाळी ऐकू आल्यावर १५० मिलिसेकंद कान बंद ठेव, कारण खोलीत तिचा प्रतिध्वनी घुमत असतो आणि एका टाळीच्या तीन होतात. मग पहिल्या टाळीपासून ७०० मिलिसेकंदांपर्यंत दुसरीची वाट पाहा. त्या वेळात नेमकी एक आली तरच दिवा बदल. दोन किंवा जास्त आल्या तर सगळं रद्द करून अर्धा सेकंद शांत राहा. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पोरं टाळ्या वाजवतातच, तिथे ही रद्द करायची ओळच तुझी लाज राखेल. टाळीची मर्यादा घरी ठरवून नेऊ नकोस. हॉलमध्ये बोर्ड सुरू झाल्यावर पहिले तीन सेकंद आजूबाजूच्या गोंगाटाची पातळी मोजून तिच्या तिप्पट मर्यादा ठेव.

आणि दिवा २३० व्होल्टचा नको. १२ व्होल्टची एलईडी पट्टी लाव. परीक्षकांना कल्पना तीच दिसते.

प्रश्न : कुकरच्या शिट्ट्या मोजून ठरावीक शिट्टीनंतर बझर वाजवणारं यंत्र करायचं आहे. मॅक्स४४६६ मॉड्यूल जोडलं. पण भांडं पडलं तरी शिट्टी मोजली जाते, आणि मिक्सर लावला की आकडा दहाबारावर जातो. — एक वाचक, नाशिक

छान प्रकल्प आहे, आणि यातली खरी मेहनत माइकमध्ये नाही, मोजण्याच्या नियमांत आहे. पहिल्या उत्तरातली ५० मिलिसेकंदांची खिडकी इथेही वापरा. प्रत्येक खिडकीची पातळी मर्यादेच्या वर आहे की खाली, एवढंच पाहायचं.

भांडं पडण्याचा आवाज मोठा असला तरी सेकंदभरात संपतो. शिट्टी टिकते. म्हणून सलग दोन सेकंद, म्हणजे ४० खिडक्या, पातळी वर राहिली तरच ती शिट्टी धरा. शिट्टीतही वाफ अडखळते, तेव्हा मध्ये दोनतीन खिडक्या खाली गेल्या तर मोजणी मोडू नका. शिट्टी संपली असं केव्हा म्हणायचं? सलग तीन सेकंद शांतता मिळाल्यावर. त्याआधी पुन्हा आवाज आला तर तो त्याच शिट्टीचा भाग. पहिल्या खऱ्या शिट्टीच्या आधी कुकर जी अर्धवट फुसफुस करतो, ती दोन सेकंदांच्या नियमात आपोआप गळते. तुमचा कुकर आखूड शिट्टी देणारा असेल तर दोनाचे दीड सेकंद करा.

मिक्सर याच्या उलट. तो टिकतो, पण फारच टिकतो. पातळी वीस सेकंदांपेक्षा जास्त वर राहिली तर ती मोजणी फेकून द्या. मात्र मिक्सर दोनचार सेकंदच फिरवून थांबवायची सवय असते, चटणीला तर हमखास, आणि तिथे हा नियम फसतो. मग आवाजाची जात पाहावी लागते. त्याच खिडकीत लाट मध्यरेषा किती वेळा ओलांडते ते मोजा. १ किलोहर्ट्झचा सूर ५० मिलिसेकंदांत शंभर वेळा ओलांडतो. शिट्टी कर्कश, तिचा आकडा जास्त येतो. मिक्सरची घरघर खालच्या पट्टीतली, तिचा कमी. नेमकी सीमा तुमच्या कुकरवर आणि तुमच्या मिक्सरवरच ठरवावी लागेल. एक दिवस दोन्ही आकडे नुसते छापून घ्या आणि मग ठरवा.

हा आकडा भरवशाचा हवा असेल तर मॉड्यूलचं आउटपुट आणि ए० यांच्यामध्ये १ किलोओहम, आणि ए० पासून ग्राउंडला ४७ नॅनोफॅरड लावा. वाफेचा सूं सूं आवाज फार उंच जातो. सेकंदाला नऊ हजार वाचनांत साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं काही नीट पकडता येत नाही, ते खोट्या खालच्या सुरात दुमडून आत येतं आणि शिट्टी मिक्सरसारखी दिसायला लागते. हा फिल्टर साधारण ३.४ किलोहर्ट्झपासून वरचं दाबत जातो. फार तीव्र कात्री नाही, पण इथे पुरते.

मॉड्यूलच्या मागचा छोटा स्क्रू कमीत कमी गेनवर, म्हणजे २५ पटींकडे ठेवा. कुकर ओट्यावर आहे, त्याला शंभर पटींची गरज नाही. जास्त गेनवर फोडणीही शिट्टीएवढी मोठी दिसते. माइक कुकरच्या वर कधीही लावू नका. वाफ आणि तेलकटपणा पडद्यावर बसला की महिनाभरात आवाज मंदावतो. दीड मीटर लांब, एक्झॉस्टच्या उलट बाजूला, तोंड खाली करून लावा.

प्रश्न : गणेशोत्सवात आमच्या चौकातला आवाज मोजून मुलांना दाखवायचा आहे. मॅक्स४४६६ आणि मॅक्स९८१४ यांपैकी कोणतं मॉड्यूल घ्यावं? आकडा डेसिबलमध्ये कसा आणायचा? — एक शिक्षिका, सातारा

मॅक्स४४६६. मॅक्स९८१४ मध्ये गेन आपोआप बदलतो : आवाज वाढला की तो गेन कमी करतो, मंद झाला की वाढवतो. बोलणं रेकॉर्ड करायला ते उत्तम, पण मोजमापाला अगदी उलटं. ढोल आणि कुजबुज जवळजवळ सारखीच दिसेल.

डेसिबलचं गणित असं : मोजलेल्या व्होल्टेजला एखाद्या ठरलेल्या व्होल्टेजने भागा, त्याचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्या, २० ने गुणा आणि त्या ठरलेल्या व्होल्टेजला जितके डेसिबल होते तेवढे मिळवा. व्होल्टेज दुप्पट म्हणजे ६ डेसिबल वाढ, दहापट म्हणजे २०. ठरलेला बिंदू मिळवायला खराखुरा ध्वनिमापक एक दिवस उसना घ्या, माइकच्या शेजारी ठेवा आणि एकसुरी आवाज, उदाहरणार्थ चालू व्हॅक्यूम क्लीनर, दोनतीन अंतरांवरून मोजा. दोन्ही यंत्रांतला फरक प्रत्येक अंतरावर तेवढाच राहिला तर तुमचं मॉड्यूल सरळ चालतंय. इथे वजाबाकीऐवजी आरएमएस घ्या : प्रत्येक वाचनातून मध्य वजा करा, वर्ग करा, सरासरी काढा, वर्गमूळ घ्या.

पण या यंत्राच्या मर्यादा मुलांना आधीच दाखवा, त्या फार शिकवणाऱ्या आहेत. दहा बिटांच्या मोजणीत पूर्ण लाट १०२३ पायऱ्यांची आणि भरवशाची सर्वांत लहान लाट पाचेक पायऱ्यांची, म्हणजे एका सेटिंगवर जेमतेम ४६ डेसिबलचा आवाका. गेन १२५ वर ठेवला तर साधारण ५५ ते १००, आणि २५ वर ठेवला तर ७० ते ११५. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे; शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० आणि ४०. म्हणजे ढोलताशा आणि रात्रीची शांतता दोन्ही एकाच सेटिंगवर मोजता येणार नाहीत, आणि रात्रीचे ४५ तर या मॉड्यूलच्या आवाक्याबाहेरच.

शिवाय नियमातले डेसिबल ए-वेटिंगचे आहेत : माणसाच्या कानाला खर्जातला आवाज कमी जाणवतो, म्हणून मापकही तो कमी धरतो. तुमचं यंत्र तसं करत नाही. ढोलाच्या ठोक्यांना आणि स्पीकरच्या बासला ते अधिकृत मापकापेक्षा जास्त आकडा दाखवेल. तेव्हा या आकड्यावर कुणाची तक्रार करायला जाऊ नका. संध्याकाळी सातपासून अकरापर्यंतचा आलेख काढा आणि चढउतार दाखवा, त्यात तथ्य आहे.

प्रश्न : ईएसपी३२ ला आयएनएमपी४४१ डिजिटल माइक जोडला. कधी सगळे शून्य येतात, कधी अवाढव्य आकडे. — एक वाचक, पुणे

शून्य येण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे एल/आर पिन मोकळी सोडलेली असणं. ती ग्राउंडला जोडा आणि स्केचमध्ये डावा चॅनेल वाचा. काही लायब्ररींच्या आवृत्त्यांत डावाउजवा उलटा निघतो, तेव्हा शून्य राहिलेच तर एकदा उजवाही वाचून पाहा. एससीके आणि डब्ल्यूएस या घड्याळाच्या तारा जीपीआयओ ३४ ते ३९ वर लावल्या असतील तर त्या कधीच चालणार नाहीत. त्या पिना फक्त आत घेण्यासाठी आहेत. एससीके २६, डब्ल्यूएस २५, एसडी ३३ ही जोडणी ठीक. व्हीडीडी ३.३ व्होल्टलाच, ५ व्होल्ट दिले तर माइक जाईल.

अवाढव्य आकडे ही चूक नाही. माइक २४ बिटांचा आकडा ३२ बिटांच्या जागेत वरच्या बाजूला चिकटवून देतो. वाचन ३२ बिटांचं ठेवा आणि मिळालेला आकडा ८ बिट उजवीकडे सरकवा. स्केचमध्ये १६ बिट मागितले तर घड्याळाचे ठोके निम्मे होतात आणि माइक गोंधळतो. त्याला प्रत्येक नमुन्यामागे ६४ ठोके लागतात. सुरुवातीचे काही नमुने टाकून द्या, आणि सरासरी वजा करा, कारण आकडे शून्याभोवती न झुलता थोडे बाजूला बसलेले असतात. तारा बोटभर लांबीच्याच ठेवा. आवाज आत जायचं भोक चिपच्या उलट बाजूला, बोर्डाच्या खालच्या अंगाला असतं. ते ग्लू गनने बुजवलेले माइकही आमच्याकडे तपासायला आले आहेत!

प्रश्न : लॅपटॉप चार्जिंगला लावला की माइकच्या आकड्यांत सतत लाट दिसते, काढला की थांबते. — एक वाचक, मडगाव

लाटेची एक फेरी २० मिलिसेकंदांची आहे का ते पाहा. असेल तर ती घरातल्या ५० हर्ट्झ विजेची गुणगुण. चार्जरला तिसरी पिन नसेल किंवा सॉकेटचं अर्थिंग निकामी असेल तर ती येते. आधी अर्थिंग तपासून घ्या, ते माइकपेक्षा महत्त्वाचं आहे.

मग माइकपासून बोर्डापर्यंतची तार पाहा. लांब तार हवी असेल तर अँप्लिफायर माइकपाशीच ठेवा आणि मोठा झालेला सिग्नल तारेतून आणा. मिलिव्होल्टचा सिग्नल मीटरभर नेऊ नका. जाळीची शिल्डेड वायर वापरा, जाळी फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंड करा. मॅक्स४४६६ ला बोर्डाच्या ३.३ व्होल्टवरून वीज दिली तर यूएसबीची खरखर बरीच कमी होते. तीच ३.३ ची तार एआरईएफ पिनलाही, म्हणजे मोजणीची कमाल पातळी ठरवणाऱ्या पिनलाही, देता येते, पायरीही ३.२ मिलिव्होल्टची होते. पण आधी स्केचमध्ये अ‍ॅनालॉग रेफरन्स एक्स्टर्नल करून, पहिलं वाचन होण्याच्या आत ती ओळ चालेल अशी ठेवून, स्केच बोर्डावर चढवा आणि मगच तार लावा. क्रम चुकला तर आतला आणि बाहेरचा रेफरन्स एकमेकांवर शॉर्ट होतात.

प्रश्न : घरातला जुना कराओकेचा माइक ऊनोला लावता येईल का? — एक वाचक, जळगाव

येईल. तो बहुतेक डायनॅमिक असतो, आत कॉइल आणि चुंबक. त्याला वीज लागत नाही, तेव्हा पहिल्या सर्किटमधले माइकला वीज देणारे १ आणि ४.७ किलोओहमचे रेझिस्टर आणि त्यांच्या सांध्यावरचा ४७ मायक्रोफॅरड काढून टाका. बाकी सर्किट तेच. ओठांजवळ धरून बोललं तरी मिलिव्होल्ट-दोन मिलिव्होल्टच मिळतात. १ आणि २ नंबरमधला १०० किलोओहम काढून २२० घाला. माइकच्या दांड्यावरचं बटण चालू आहे ना, तेही पाहा.

प्रश्न : ऊनोमध्ये आवाज रेकॉर्ड करून परत ऐकवता येईल का? — एक वाचक, लातूर

ऊनोची रॅम २०४८ बाइट. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज, म्हणजे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी एक बाइट, धरला तरी सगळी रॅम पाव सेकंदात भरते, आणि सगळी मोकळीही नसते. एसडी कार्ड मॉड्यूल लावून करणारे लोक आहेत, पण कार्डाला मध्येच लिहायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आवाज तुटतो. यासाठी ईएसपी३२ आणि वरचा डिजिटल माइक घ्या, ऊनो टाळ्या मोजायला ठेवा.